पंचफुलाबाईचं साल

“आभाळ कोसळलं तरी आमच्या बाईचा पगार एक तारखेला होतो म्हणजे होतो,” सलील म्हणाला, आणि पाडव्याच्या संध्याकाळी कॉलनीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या चौघांनी माना हलवल्या. नवा कुर्ता अंगात होता, हातात उतरवलेल्या गुढीची साखरगाठी होती, यवतमाळात उन्हाळा अजून माणसाला माणूस म्हणू देत होता, आणि सलीलला बोलायची लहर आली होती. त्याने त्यांना पंचफुलाबाईची गोष्ट सांगितली. त्याच्या दीड वर्षाच्या मुलीला, मिकूला, सांभाळायला ती आली तेव्हा महिन्याचा हिशोब तिने कानाआड केला. तिचा नवरा फकिरा बोरी अरब गावाकडे जन्मभर सालदार होता, म्हणजे पाडव्याला मालकाकडे साल ठरायचं, आणि मग काम असो नसो, ऊन असो पाणी असो, पुढच्या पाडव्यापर्यंत गडी मालकाचा आणि पगार गड्याचा. “मी बी सालानं राह्यतो,” ती म्हणाली होती, “महिन्यानं राह्याले मी काय भाड्याची खोली हाओ?” सलीलला हे इतकं आवडलं होतं की त्याने सकाळीच तिच्या ओटीत नारळ आणि लुगडं घालून साल ठरवून टाकलं होतं. पाडवा ते पाडवा. असं काही अजून शिल्लक आहे, आणि ते आपल्या घरी आहे, याचा त्याला अभिमान वाटत होता. चौघांपैकी एकाने विचारलं की मध्ये काही झालं तर. “काय होणार?” सलील म्हणाला.

साखरगाठी मुंग्यांनी संपवायच्या आत सलीलची आणि त्याच्या बायकोची, आभाची, अशा दोघांच्याही नोकऱ्या गेल्या. गेल्या म्हणणं बरोबर नाही, आभा म्हणायची, थांबल्या. सलील शिकवत होता त्या खाजगी कॉलेजातून मोबाइलवर निरोप आला, खाली जोडलेल्या हातांचं चित्र होतं, की सत्र संपलेलं असल्यामुळे कंत्राटी प्राध्यापकांनी पुढच्या सूचनेपर्यंत येऊ नये. आभा जिल्ह्याच्या एका सरकारी योजनेत होती. तिथे अकरा महिन्यांची ऑर्डर असते, मग तांत्रिक खंड, मग पुन्हा ऑर्डर. दरवर्षी हा खंड एका दिवसाचा असायचा, त्या दिवशी ती घरी पुरणपोळी करायची. या वर्षी खंड सुरू झाला आणि ऑर्डर काढणारे साहेबच बदलून गेले. नवे साहेब आले की निघेल, असं सगळे सांगत होते, आणि निघाली की दिलेल्या तारखेला रुजू व्हायचं, नाहीतर प्रतीक्षायादीतला पुढचा माणूस रुजू होतो. म्हणजे घरात पैसे येणं थांबलं होतं, पण पैसे येण्याची वेळ आली की मिकूला सांभाळायला पंचफुलाबाई हवीच होती. मिकूला आपणच सांभाळावं असं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही असं नाही. आभाला ते सलीलबद्दल सुचलं आणि सलीलला आभाबद्दल.

शिवाय समोरच्या घरात दातांची डॉक्टरीण होती. तिला सातवा महिना लागला होता आणि ती गच्चीवरून पंचफुलाबाईकडे दागिन्यांच्या दुकानात काचेमागच्या वस्तूकडे बघावं तशी बघायची. एकदा तिने खाली हाक मारून विचारलंही होतं. पंचफुलाबाईने तिला सांगितलं की माझं साल चालू आहे, आणि मग आत येऊन तिने आभाला सालाचा कायदा सांगितला. साल मोडता येत नाही, पण एका गोष्टीने मोडतं. फकिराचा एक मालक होता, त्याने श्रावणात वावर, म्हणजे शेतच, विकलं. विकल्याचं कळलं त्या दुपारी फकिराने हातातला विळा बांधावर ठेवला आणि चालायला लागला. “मालकाजवळ वावरच नाई राह्यलं, तं साल कायचं?” हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं होतं की सलीलला तेव्हा त्यात इमान दिसलं होतं. आता कॉलेजचा निरोप आल्यापासून त्याला तो विळा दिसायला लागला. बांधावर ठेवलेला. पातं वर करून.

म्हणून त्यांनी ठरवलं की पंचफुलाबाईला कळू द्यायचं नाही. हे ठरवायला दोघांना फार वेळ लागला नाही, एवढंच पुढे सलीलला विचित्र वाटलं. ती सकाळी यायची त्या वेळेला दोघं नेहमीसारखे तयार असायचे. आभाच्या गळ्यात ओळखपत्र, सलीलच्या खांद्याला बॅग, दोन डबे. मिकू पंचफुलाबाईच्या कडेवरून टाटा करायची, आणि ते स्कूटरवरून वळणापर्यंत नेहमीच्या वेगाने जायचे. वळणावर सलील थांबायचा. कारण पुढे कुठे जायचं हे रोज नव्याने ठरवावं लागायचं. यवतमाळात माणसाला बिनकामाचं बसायला जागा भरपूर आहेत, पण ओळखीचा माणूस भेटणार नाही अशी एकही नाही. बँकेत गारवा होता, पण तिथे टोकन घ्यावं लागायचं, आणि एका दुपारी सलीलचा नंबर लागून तीन कर्मचाऱ्यांनी त्याला काय हवं ते प्रेमाने विचारलं, तेव्हा त्याने घाबरून एक मुदत ठेव केली. एसटी स्टँडवर आभाच्या ऑफिसचा शिपाई भेटला. आझाद मैदानात झाडाखाली बसले, तर सलीलचे विद्यार्थी येऊन पाया पडले आणि पेपर कसा तपासणार ते विचारत राहिले. ऊन तोपर्यंत असं झालं होतं की स्कूटरच्या सीटवर बसताना माणूस आपोआप देवाचं नाव घ्यायचा. डबे मांडीवर ठेवून ते एकमेकांशेजारी बसायचे.  लग्नाआधी दोघं असेच बसायचे, हे आठवून आभा एकदा हसली होती. सलीलला मात्र दुसरंच आठवत होतं.

उमरखेडला असताना, तो चौथीत की पाचवीत, वडील, नरहर, काही महिने घरात जरा जास्त गप्प होते. नरहर तहसीलमध्ये कारकून होते. रोज छत्री घेऊन निघायचे, रोज संध्याकाळी यायचे, आई, म्हणजे कुंदा, डबा धुऊन ठेवायची. एका दुपारी शाळा लवकर सुटली आणि सलीलने त्यांना एसटी स्टँडवर पाहिलं. नांदेडच्या फलाटासमोर बाकावर बसले होते. डबा मांडीवर. त्यांचा चेहरा वेळापत्रकाच्या पाटीकडे होता, आणि ते पाटी वाचत होते, पुन्हा वाचत होते, जणू तिच्यात रोज काही बदल होतो. सलीलने हात वर केला होता. मग खाली घेतला होता. निलंबन हा शब्द त्याला फार नंतर कळला. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं की बापाला कुठे जायचं नाहीये, आणि त्या जाणिवेला डिझेलचा आणि सोललेल्या संत्र्यांचा वास होता. आता आर्णी रोडला रसवंतीच्या बाकावर बसलेला असताना त्याच्या लक्षात आलं की समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा तो मघापासून वाचत होता.

लग्नांचं आभाला सुचलं. सुचलं असंही नाही. एका लॉनच्या फाटकावरून जाताना आतून कूलरची एवढी गार झुळूक आली, खसचा ओला वास घेऊन, की स्कूटर आपोआप आत वळली. एप्रिल महिना होता, रोज सात ठिकाणी लग्नं होती, आणि वऱ्हाडातल्या लग्नात तुम्ही कोण असं विचारायची पद्धत नाही. मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे. आभाने ओळखपत्र पर्समध्ये टाकलं. कुणीतरी हातात अक्षता दिल्या. मंगलाष्टकं झाली, त्यांनी इतरांसोबत अक्षता टाकल्या, आणि मग वांग्याची भाजी, वरण, पुऱ्या, बुंदी, मठ्ठा असं सगळं झाल्यावर कूलरसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांत दोघांना झोप लागली. घरचे डबे संध्याकाळी स्टँडवरच्या कुत्र्यांना घातले. दुसऱ्या दिवशी दुसरं लॉन. सलील सुरुवातीला आहेराच्या रांगेत उभा राहायचा नाही, पण स्टेजपासून जितकं लांब बसावं तितकं माणूस मोठा वाटतो, हे त्याला माहीत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ येऊन त्याला हाताला धरून स्टेजवर घेऊन गेले. माइकवाल्याने कानात विचारलं, नाव काय, करता काय. सलीलने सवयीने सांगितलं. “आता प्राध्यापक सलील सरांचा सत्कार,” असं सगळ्या लॉनभर घुमलं, आणि त्याच्या गळ्यात टॉवेल आणि डोक्यावर टोपी आली. टोपी लहान होती. ती त्याच्या डोक्यावर चिमणीसारखी बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उतरल्यावर तो बराच वेळ मठ्ठा पीत राहिला. कॉलेजने त्याला काढलं नव्हतं, थांबवलं होतं. पण प्राध्यापक म्हणून त्याला या गावात आता फक्त माइकवाला हाक मारत होता. पुढच्या लग्नात तो स्टेजच्या जरा आणखी लांब बसला.

महिन्याच्या शेवटाला कपाटात टॉवेलांचा ढीग होता, टोप्यांचा एक उंच डोलारा होता, आणि आभाला ओटीत मिळालेले ब्लाऊज पीस होते, बहुतेक सगळे झेंडूच्या रंगाचे. एक तारीख आली. आभाने पंचफुलाबाईला सांगितलं की या वेळी बँकेचा घोळ आहे, आणि सहा ब्लाऊज पीस दिले. पंचफुलाबाईने ते उजेडात धरून पाहिले. ताई, एवढी लग्नं कोणाची लागली, असं तिने विचारलं. आभा म्हणाली, ऑफिसमध्ये सगळे एकदमच लग्नं करतायत. पंचफुलाबाईने पीस घडी करून पिशवीत टाकले. पण जाताना तिने समोरच्या गच्चीकडे बघितलं असं सलीलला वाटलं, आणि त्या रात्री त्याने मुदत ठेव मोडून पगाराचं पाकीट तयार करायचं ठरवलं. पाकीट तयार झालं. ते त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देऊ, ऑफिसमधून आल्यासारखं घरी आल्यावर, म्हणजे ते खरं वाटेल.

त्या दुपारी दारव्हा रोडवरच्या लॉनवर तो भाताच्या रांगेत होता. पुढे पुलाव होता, त्याच्यापुढे जिलबी, आणि जिलबीच्या पलीकडे मिकू होती.

आधी त्याला वाटलं, तिच्यासारखं दुसरं मूल आहे. माणसाचं मन असं करतं. जे समोर आहे त्याला थोडा वेळ दुसरं नाव देतं. मग मिकूच्या पायातले एका बाजूने चपटे झालेले पैंजण दिसले. ती पंचफुलाबाईच्या कडेवर होती. पंचफुलाबाईच्या अंगात झेंडूच्या रंगाचा, रात्रीतून शिवून घेतलेला नवा ब्लाऊज होता, कपाळाला मोठं कुंकू होतं, आणि ती कुणालातरी पुऱ्या कमी पडल्याबद्दल झापत होती. नवरी वैष्णवी तिच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती. पंचफुलाबाईने त्याला पाहिलं. त्याने तिला पाहिलं. त्याच्या मागे प्लेट घेऊन उभ्या असलेल्या आभाने दोघांना पाहिलं. ही आपल्या मुलीला न विचारता लग्नात घेऊन आली, असं म्हणायला सलीलने तोंड उघडलं, आणि कॉलेजच्या वेळात तुम्ही इथे काय करून राह्यले, हा तिचा प्रश्न त्याला तिच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत ऐकू आला. त्याने तोंड बंद केलं. तिनेही केलं. जिलबीवाल्याने विचारलं, एक का दोन.

मिकू मात्र आईकडे गेली नाही. आभाने हात पुढे केले, मिकूने त्या हातांकडे आणि गळ्यात नसलेल्या ओळखपत्राच्या जागेकडे पाहिलं, आणि पंचफुलाबाईच्या मानेत तोंड लपवलं. तिच्या लेखी या बाईने आत्ता ऑफिसात असायला हवं होतं. सलीलला हसू आलं. आपण घरातून निघतो तेव्हा मागे काय उरतं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. दिवसा मिकूचं एक वेगळं आयुष्य होतं, त्यात नातेवाईक होते, जिलब्या होत्या, तिला नावाने ओळखणाऱ्या म्हाताऱ्या होत्या. एक म्हातारी तिला मिकाबाई म्हणत होती. त्या आयुष्यात तो भाताच्या रांगेतला एक माणूस होता.

तोपर्यंत पंचफुलाबाईने मार्ग काढला होता. ती यजमानीण होती, ते पाहुणे होते. बाकी सगळं त्याच्यामागे लपवता येत होतं. तिने नवरीच्या बापाला, पुंडलिकरावांना, हाक मारली आणि सांगितलं की हे माझे मालक, कॉलेजात मोठे सर आहेत, काम टाकून आले बिचारे. पुंडलिकराव बोरी अरबचे, कापसाचे शेतकरी, त्यांना गहिवरून आलं. सलीलची प्लेट कुणीतरी काढून घेतली. माइकवर नाव आलं. स्टेजवर चढताना त्याच्या डोक्यात एकच विचार होता, की या लग्नात आपण खरोखरचे पाहुणे आहोत, आणि खरा पाहुणा हात हलवत जात नाही. खिशात पाकीट होतं. त्याच्यावर नाव लिहिलेलं नव्हतं. दुसरं काहीच नव्हतं. पंचफुलाबाई शेजारी उभी राहून कौतुकाने बघत होती, सगळं लॉन बघत होतं, आणि सलीलने पंचफुलाबाईचा पगार काढून मिकूच्या हातात दिला. “दे, मिकाबाई, ताईले दे,” पंचफुलाबाई म्हणाली. मिकूने पाकीट वैष्णवीच्या मेंदीच्या हातावर ठेवलं. मिकूच्या तोंडात कुणीतरी जिलबी घातली. माइकवाल्याने पाकीट उघडून आकडा वाचला आणि एक क्षण त्याला वाटलं आपण चुकीचं वाचलं, म्हणून त्याने तो पुन्हा वाचला. टाळ्या मुलाकडच्यांनीही वाजवल्या. पुंडलिकरावांनी सलीलला मिठी मारली. पंचफुलाबाईचे डोळे पाणावले होते. हा आपला पगार आहे, हे तिला अर्थातच माहीत नव्हतं.

संध्याकाळी दोघं घरी आले. तेही नेहमीच्या वेळेवर, कारण दुसरी वेळ त्यांना सुचली नाही. पंचफुलाबाई त्यांच्याआधी पोचली होती, मिकूचे कपडे बदललेले होते, आणि ती ओट्यापाशी खाली बसली होती. सलीलने तयारी केली होती. त्याने सांगितलं की नोकरी सुटलेली नाही, हा ब्रेक आहे, मोठ्या नोकरीत असा ब्रेक असतो. पंचफुलाबाईने ते ऐकून घेतलं.

“वावर इकलं, का पडीत हाय?” तिने विचारलं.

“पडीत आहे,” सलील म्हणाला. आपल्या परिस्थितीला इतका नेमका शब्द त्याला महिनाभरात सापडला नव्हता.

“मंग साल नाई मोडत. पडीत वावराचं बी साल अस्ते.” सलीलने सुटकेचा श्वास घेतला, तोच ती पुढे म्हणाली, “अन् पगार बी अस्ते. आता तुमी आहेर करून सारं लगन गाजवलं. भाऊजी गावभर सांगून राह्यले. तुमच्याजवळ पैशे नाईत असं मी कोनाले सांगू? मले कोन मानते?”

आभाने सलीलकडे पाहिलं. तो आहेर कशाचा होता ते सांगायची हीच वेळ होती, आणि ती निघून गेली. दिलेला आहेर आपला पगार होता असं नवरीच्या मावशीला कसं सांगायचं असतं, याची रीत दोघांनाही माहीत नव्हती. पंचफुलाबाईने तिच्या बाजूचं सगळं सरळ सांगितलं. फकिराचा पुतण्या अक्षय, त्याचं लग्न जूनच्या पहिल्या रविवारी आहे. त्याला आहेर तिला करायचा आहे, आणि तो सरांच्या आहेराच्या पुढे अगदीच फिका दिसून चालणार नाही. तोपर्यंत दोन्ही पगार, अडलेला आणि पुढचा, हातात आले तर साल चालू. नाही आले तर समोरच्या डॉक्टरीणबाईला ती लग्नातच हो म्हणून टाकणार, तिलाही बोलावणं आहे. फोनवर पैसे पाठवायचे नाहीत, फोन फकिराजवळ असतो आणि फोनातले पैसे बाहेर येत नाहीत. “अन् सर, सकाळी निंगत जा बरं तुमी,” ती जाताना म्हणाली. “घरी बसान तं लेकरू तुमच्यापाशी येईन. मंग मी कायले येऊ?”

म्हणून ते निघत राहिले. आता ज्या माणसापासून लपवायचं होतं तीच त्यांना डबे भरून देत होती. सलीलला हे कुठेतरी आवडायलाही लागलं होतं, आणि हे त्याने आभाला सांगितलं नाही. तो लग्नांत जायचा, पण आता माइकवर नाव सांगताना त्याचा हात खिशावर असायचा. मग अचानक आभाची ऑर्डर निघाली. नवे साहेब आले होते. सोमवारी सकाळी रुजू व्हायचं, गैरहजर राहिल्यास नियुक्ती आपोआप रद्द. अक्षयचं लग्न आदल्या दिवशी होतं. आभाने ऑर्डर चार वेळा वाचली आणि एवढंच म्हणाली की मिकूला मी ऑफिसात घेऊन जाऊ शकत नाही, सलील, आणि तुझ्याजवळ ती दुपारी झोपत नाही. झोपत नव्हती हे खरं होतं. एका रविवारी प्रयत्न झाला होता. सलीलने तिला थोपटलं होतं, आणि तो स्वतः झोपला होता, आणि मिकूने सगळ्या टोप्या पाण्याच्या टाकीत घातल्या होत्या.

शनिवारी तो दोन पगारांचे पैसे मागायला उमरखेडला गेला. गाडीत त्याने वडिलांना काय सांगायचं ते मनाशी नीट लावलं. खंड, ऑर्डर, नवे साहेब, सगळं क्रमाने. नरहर ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी चहा होईपर्यंत ऐकलं, मग आत जाऊन पाकीट आणलं, आणि ते त्याच्या हातात देताना चष्म्यावरून पाहिलं.

“बसतोस कुठे?” त्यांनी विचारलं. “स्टँडवर?”

सलीलला संत्र्यांचा वास आला. एवढ्या वर्षांनी त्याला कळलं की त्या दुपारी पाटी वाचणाऱ्या माणसाने त्याचा वर गेलेला आणि खाली आलेला हात पाहिला होता.

“लग्नांत,” तो म्हणाला.

नरहरांनी यावर विचार केला. “म्हणजे जेवणाचं बरं होतं,” ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा उघडला.

परतीच्या गाडीत सलील खिडकीपाशी बसला होता. पाकीट खिशात होतं, खिशाला आभाने आतून पिन दिली होती. बाहेर नांगरून ठेवलेली काळी वावरं मागे जात होती, पेरणीची वाट बघत, आणि त्यांच्याकडे बघताना त्याला हलकं वाटत होतं. रिकामं असणं आणि संपलेलं असणं यांत फरक आहे, हे त्या वावरांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. उद्या पाकीट द्यायचं. परवा आभा रुजू होईल. कॉलेजही जुलैत बोलावेल. त्याला एवढं बरं वाटलं की त्याने शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, आमच्याकडे बाईचा पगार कधी चुकत नाही.

रविवारी आभा इस्त्री करत होती आणि तिला ऑर्डरच्या झेरॉक्स काढायच्या होत्या, म्हणून मिकूला घेऊन सलील एकटाच लग्नाला गेला. लॉनच्या फाटकाशीच त्याने खिशाची पिन काढली, वेळेवर खोळंबा नको म्हणून. पंचफुलाबाई स्टेजच्या बाजूला होती. तिचे हात कोपरापर्यंत हळदीने भरलेले होते. त्याने पाकीट दाखवलं. ती म्हणाली, थांबा सर, हात धुऊन आली मी, इथंच उभे राहा. सलील इथंच उभा राहिला. इथं म्हणजे आहेराच्या रांगेची सुरुवात होती. मागून लोक आले, पुढून लोक सरकले, फकिराने त्याला ओळखून दंडाला धरलं, आणि माइकवर नाव आलं तेव्हा सलीलने पाकीट घट्ट खिशात सारलं, वरून हात ठेवला आणि मिकूला कडेवर घेऊन वर गेला. फक्त अक्षता टाकायच्या, नमस्कार करायचा, उतरायचं. अक्षता टाकायला त्याला हात उचलावा लागला. मिकूने त्याच्या खिशातून पाकीट काढलं, नवरीच्या हातावर ठेवलं आणि जिलबीसाठी तोंड उघडलं.

माइकवाल्याने आकडा वाचला. तो मागच्या आहेराच्या दुप्पट होता, म्हणून त्याने तो दोनदा वाचला. पंचफुलाबाई हात पुसत आली, टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली, आणि मग पुढच्या रांगेत दातांच्या डॉक्टरीणबाईशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. फकिराने टॉवेल-टोपी आणली. टोपी या वेळी बरोबर बसली.